विटांवरची गाडी

आई धुळ्याला निघून गेली त्या उन्हाळ्यात भाऊंनी गाडी विटांवर चढवली. भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे बापाला भाऊ म्हणायचे आणि आजोबांना आबा. गाडी काळी अँबॅसिडर होती. आबांनी ती भुसावळच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती आणि आमच्या अंगणात आली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य झालेलं होतं. रावेर तालुक्यातल्या आमच्या त्या केळीच्या गावात दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे ती आमची कमी आणि गावाची जास्त होती. कुणाचा नवरदेव मिरवायचा, कुणाची बाळंतीण सावद्याच्या दवाखान्यात न्यायची, की माणूस आमच्या ओट्यावर हजर. भाऊंना नाही म्हणता यायचं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी एक दिवस गाडीच्या पोटाखाली विटांचे चौथरे रचले, जॅक लावून ती उचलली, चारही चाकं काढली आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. लोकांना सांगितलं, टायर उन्हात तडकतात. खरं कारण असं की चाकंच नसली म्हणजे लग्नाला गाडी मागायला कुणी येणार नव्हतं. लग्न हा शब्दच त्यांना तेव्हा नको झाला होता.

गाडीची मागची दोन्ही दारं लोंबलेली होती. वर्षानुवर्षं त्यांना धरून माणसं चढली-उतरली होती, बिजागऱ्यांच्या खिळी झिजल्या होत्या आणि दाराची मोकळी कड बोटभर खाली आली होती. डावीकडचं दार जास्त वाईट. ते लावायचं तर बाहेरून मुठीला धरून वर उचलायचं, गुडघ्यानं आत रेटायचं आणि मग सोडायचं. उघडतानाही तेच. आत बसलेल्या माणसाला ते उघडणं शक्य नव्हतं, कारण आतून उचलायला धरायचं कशाला? घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पुढच्या लांब सीटवर भाऊ आणि आबा, मागे आई आणि मी, ही बसायची रीत होती. ती कुणी घालून दिलेली नव्हती, म्हणून कुणी मोडायचाही प्रश्न नव्हता. गाडी थांबली की भाऊ किंवा दुसरं कुणी मागे यायचं, दार उचलायचं, आणि आई पदर सावरत उतरायची. आता माझ्या मुलाच्या गाडीत मागच्या दारांना लहान मुलांसाठी एक कुलूप असतं. ते लावलं की आतून कितीही ओढा, उघडत नाही. नातवाबरोबर मी मागे बसते तेव्हा आधी ते काढायला लावते. मुलगा हसतो. त्याला मी कधी कारण सांगितलेलं नाही.

वैशाखात बोदवडला आबांच्या भावकीतलं लग्न होतं. मला गोवर निघालेला, म्हणून मला शेजारच्या लीलाकाकूंच्या सासूजवळ ठेवून सगळे गेले. गावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि गाडीत भाऊ, आबा आणि मागे एकटी आई. तिच्या शेजारी फेट्यांचे डबे ठेवलेले होते. पुढे काय झालं ते मला लीलाकाकूंनी नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, कधी धान्य निवडताना, कधी विहिरीवर. बोदवडला पोचायला उशीर झाला होता आणि वाजंत्री दारात आली होती. भाऊंनी गाडी सावलीला म्हणून एका भिंतीला अगदी खेटून लावली. उजवीकडचं दार भिंतीला टेकलं. भाऊ आणि आबा पुढच्या डाव्या दारानं उतरले, व्याह्यांनी पुढे होऊन त्यांना मिठ्या मारल्या, गंध लावलं आणि मांडवात नेलं. मग एक पोरगा पळत आला आणि त्यानं खिडकीतून हात घालून फेट्यांचे डबे काढून नेले. आई त्याला काही बोलली असेल तर ते बँडमध्ये बुडालं. एवढ्या पुरुषांच्या देखत ती सून असून ओरडणार नव्हती आणि पुढच्या सीटवरून पाय टाकून तर उतरणारच नव्हती. सावली सरकली, गाडीवर ऊन आलं. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, उठली. शेवटी मांडवामागे भांडी घासणारी एक बाई खरकटं पाणी टाकायला आली, तिनं खिडकीतून हिला पाहिलं, आणि कशीबशी ओढाताण करून दार उघडलं. त्या बाईनंच तिला आधी पाणी दिलं. लीलाकाकू म्हणाल्या की मांडवात आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं ती नाही म्हणून. मला त्या सगळ्या गोष्टीत हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं, आणि अजून लागतं.

आई परत आली ती त्याच गाडीत, त्याच जागी बसून. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, माझ्या अंगावर लिंबाचा पाला फिरवला आणि चुलीला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडणाची सगळ्यांना सवय होती. आबा तर भांडल्याशिवाय जेवत नसत. पण ती बोललीच नाही. माझा गोवर ओसरला, मला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि त्यानंतर एक दिवस तिनं आबांना सांगितलं की देवपूरला भावाकडे जाऊन येते. तिचा भाऊ, माझा मामा, धुळ्यात पांझरेपलीकडे देवपुरात राहायचा, तिथल्या शाळेत शिकवायचा. मी तिच्याबरोबर निघायला पिशवी भरली तर तिनं ती रिकामी केली. म्हणाली, आबांच्या भाकरीचं कोण बघणार? एसटीच्या खिडकीतून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी हलायच्या आतच तोंड वळवलं. मला तिचा फार राग आला. ती भाऊंवर रुसली होती हे मला कळत होतं. मला का टाकून गेली हे कळत नव्हतं. शाळा उघडली तरी ती आली नाही. गावात कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, माहेरी गेली आहे. काही दिवसांनी लोकांनी विचारणं सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं.

घरातले आवाज बदलले. आई धुळ्याकडची, तिच्या बोलण्यात अहिराणी होती. ती 'काय शे?' म्हणायची, सगळं जेवण संपलं की 'बठ्ठं जेवण सरी गयं' म्हणायची, आणि आमच्या गावच्या पोरी तिची नक्कल करून मला चिडवायच्या. आता घरात तसं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. चिडवणाऱ्या पोरीसुद्धा गप्प झाल्या. सकाळी बागेतल्या विहिरीवरची मोटर सुरू व्हायची, तिचा घुमता आवाज दिवसभर चालायचा, आणि संध्याकाळी ती बंद झाली की घर एकदम मोठं वाटायचं. मी भाकरी थापायला शिकले. माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी तव्यावर टाकतानाच फाटायच्या. आबा त्या दुधात कुस्करून खायचे, म्हणजे फाटलेल्या दिसायच्या नाहीत. भाऊ त्या मिरचीच्या ठेच्यात तेल ओतून खायचे. लीलाकाकू कधी घोटलेली वांग्याची भाजी आणून द्यायच्या, तेव्हा तिघंही पोटभर जेवायचो आणि तिघांनाही त्याची लाज वाटायची. आईचं वांग्याचं भरीत भाऊंना फार आवडायचं. एकदा मी वांगी भाजून, कांद्याची पात घालून ते करून पाहिलं. भाऊंनी एक घास खाल्ला, चांगलं झालं म्हणाले, आणि ताटावरून उठून मोटर बंद करायला गेले. मोटर तर केव्हाच बंद केलेली होती.

दुपारी शाळेतून आलं की मी गाडीत जाऊन बसायची. अंगणात लिंबाखाली ती विटांवर उभी, चाकं नसल्यानं पोट टेकून बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. पुढच्या दारानं आत शिरून, सीटवरून पाय टाकून मी मागे जायची आणि आईच्या जागी बसायची. तिथून काय दिसतं ते मला बघायचं होतं. दिसायचं ते एवढंच: पुढच्या सीटची पाठ, वरचा छोटा आरसा, आणि खिडकीतून आमचं दार. दारातून माणसं आत-बाहेर करायची. आबा काठी शोधायचे, गडी केळीचे घड मोजायला यायचा, भाऊ चहा प्यायचे. सगळं दहा पावलांवर, आणि कुणाला ठाऊक नाही की मी गाडीत आहे. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मग एकदा तिथं बसून मी रडले, आणि तेही कुणाला कळलं नाही.

पाऊस लागून उघडीप पडली तेव्हा भाऊंनी दारांना हात घातला. एका रविवारी मी उठून बघते तर त्यांनी डावीकडचं मागचं दार उघडून त्याखाली फळी आणि फळीखाली जॅक लावला होता. भाऊंचा हात यंत्रावर चांगला चालायचा. गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटरी तेच दुरुस्त करायचे, आणि मोटर दुरुस्त करायची म्हणजे ती आधी उचलून विटांवर घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. गाडी तर आयतीच विटांवर होती. त्यांनी जळगावहून नव्या खिळी आणल्या, झिजलेल्या ठोकून बाहेर काढल्या, आणि खालच्या बिजागरीमागे पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, म्हणजे दाराची लोंबलेली कड वर यावी. एक पट्टी घालायची, दार लावून बघायचं, पुन्हा काढायचं. ते कुणालाही बोलावत नव्हते. आबा ओट्यावरून म्हणाले की फैजपूरचा मिस्त्री एका दिवसात करून देईल. भाऊंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मला मात्र त्यांनी आत बसवलं. दार लावलं की काचेतून माझ्याकडे बघून म्हणायचे, "उघड आतून." मी कडी ओढायची. दार अडकायचं. ते पुन्हा खाली बसायचे. असे कित्येक रविवार गेले. त्यांना बायकोशी जे बोलायचं होतं ते ते त्या दाराशी बोलत होते, हे मला आज समजतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की दार झालं की आई येईल. त्यांनाही तेच वाटत होतं. बापलेक एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणातला कानबाई देवीचा सण म्हणजे दिवाळीहून मोठा. रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्या सुनेनं करायचे, पुरणपोळी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी तिनंच रांधायची, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत. आईच्या माहेरीही कानबाई होती, पण लग्न झालेली लेक तिथं परक्या घरची. तिच्या दोन्ही घरांत रीत अशी कडक होती. म्हणजे ती देवपुरातच राहिली तर भावाच्या घरात सगळे रोट खात असताना ती बाजूला बसणार होती, आणि इकडे तिच्या हातचे रोट नाहीत म्हणून आमची कानबाई बसणारच नव्हती. हे आबांना सुचलं तेव्हा ते पहिल्यांदा घाबरले. म्हणाले, "कानबाई तोंडावर आली अन घरात सून नही. एसटीनं जाय अन घिऊन ये तिले." भाऊ म्हणाले, "एसटीनं नही. गाडीनं आणतो."

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी दारं झाली. दोन्ही. मी आत बसले, भाऊंनी डावीकडचं दार एका बोटानं ढकललं आणि ते 'टक्' करून लागलं. मी आतून कडी ओढली आणि ते आपोआप उघडलं, जणू कधी लोंबलंच नव्हतं. भाऊंनी मला पुन्हा पुन्हा ते करायला लावलं. ते हसत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते. मग त्यांनी माळ्यावरून चाकं काढली, घट्ट बसवली, जॅक लावून विटा काढल्या आणि गाडी हळूहळू जमिनीवर टेकवली. मागचं दार लावायला गेले तर ते लागेना. उचलूनही लागेना, रेटूनही लागेना. पूर्वी निदान बाहेरून उचललं तर लागायचं. आता कड वर जाऊन चौकटीवरच आपटत होती. उजवीकडचंही तसंच.

त्यातलं कारण साधं होतं, पण ते सुचायला त्यांना बराच वेळ लागला. विटांचे चौथरे त्यांनी चाकांच्या जागी नाही, गाडीच्या पोटाखाली रचले होते. मधून उचललेली जुनी गाडी दोन्ही टोकांना झुकते. तिची दारांची चौकट तिरपी होते. भाऊंनी दारं त्या तिरप्या चौकटीला बरोब्बर बसवली होती. चाकांवर आल्याबरोबर चौकट आपल्या मूळच्या जागी गेली, आणि दारं तेवढी विटांवरची राहिली. गाडी उभी राहते तशी ठेवून दार बसवायचं असतं, हे मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. ते जमिनीवर बसले आणि दाराकडे बघत राहिले. मला वाटलं आता जाणं रद्द. मी घरात जाऊन भरलेली पिशवी रिकामी करायला लागले, पण पहाटे उठून बघते तर भाऊ बागेतून केळीची सोपटं घेऊन आले होते. खोडावरून निघणाऱ्या त्या वाळक्या पट्ट्या आम्ही दोरीसारख्या वापरायचो, घड बांधायला, वेली बांधायला. त्यांनी त्या पाण्यात भिजवल्या, त्यांना पीळ दिला आणि दोन्ही मागची दारं बाहेरून मुठीला आणि चौकटीला बांधून टाकली. पुढची दारं चांगली होती. मी पुढे, आबांच्या जागी बसले, आणि आम्ही पहाट सरताच निघालो.

तापीचा पूल गेला, भुसावळ गेलं, जळगावात पेट्रोल भरलं. एरंडोल, पारोळा. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी, आणि मागे दारं बांधलेली असूनही खडखडत होती. पारोळ्याला भाऊंनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः नुसता चहा प्यायले. पुढच्या सीटवरून रस्ता किती मोठा दिसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी खूश व्हायला हवं होतं. आम्ही आईला आणायला निघालो होतो. पण भाऊ आरशात सारखे मागे बघत होते, बांधलेल्या दारांकडे, आणि मला वाटत होतं की असल्या गाडीत ती बसणार नाही.

मामाच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा आई तांदूळ पाखडत होती. ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि किती वाळली आहेस म्हणाली. मी तिच्या कमरेला मिठी मारली नाही; मारायची होती, पण राग अजून तसाच होता. मामा बाहेर आला, पाणी दिलं आणि शहाण्या माणसासारखा पुन्हा आत गेला. भाऊंनी पाण्याचा तांब्या हातात धरला आणि आईला दार दाखवायला सुरुवात केली. नव्या खिळी दाखवल्या, पत्र्याच्या पट्ट्या दाखवल्या. "विटायवर होती तवर मस्त लागत होतं," ते म्हणाले. "मंगलले विचार. आतून उघडत होतं." मंगल म्हणजे मी. मी मान हलवली. आई ते सगळं ऐकून घेत होती, सोपटाच्या गाठीवर तिची नजर होती. भाऊंचं बोलणं संपलं. मग दारामुळे मी इथं आलेले नाही, हे तिनं तिच्या बोलीत अगदी हळू सांगितलं, "मी दारनामुये उनू नही. हाई दार बाहेरथून उघडनं पडस, बठ्ठासले ठाऊक व्हतं. कोनी मांगे वळीसन देखं नही."

भाऊंनी तांब्या खाली ठेवला. अंगणात मामाची शेळी ओरडत होती आणि शेजारच्या घरातून कानबाईच्या आदल्या दिवसाच्या तयारीचे आवाज येत होते, जातं, भांडी, बायकांचं बोलणं. मला वाटलं ते पुन्हा विटांचं काही सांगतील. ते म्हणाले, "मी नही पाह्यलं." एवढंच. माफ कर वगैरे शब्द आमच्याकडे नवरा-बायकोत नसायचे. कुणी म्हटले असते तर ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. आई आत गेली. बराच वेळ गेला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची पिशवी होती. मामाला तिनं सांगितलं, "कानबाई शे, जास मी," आणि ती सवयीनं मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सोपटाची गाठ तिच्या समोर. एक क्षण थांबली, मग पुढच्या दाराशी आली, ते स्वतः उघडलं आणि पुढे बसली, आबांच्या जागी, भाऊंच्या शेजारी. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सीटवरून पाय टाकून मागे गेले आणि तिच्या जागी बसले.

येताना सगळा रस्ता मी त्या दोघांच्या पाठी बघितल्या. ती दोघं बोलत होती, फार नाही, पाऊस किती झाला, कुठली म्हैस आटली, लीलाकाकूंची सासू कशी आहे. मला ऐकू येत होतं आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. इतके महिने मी आई यावी म्हणून झुरले होते, आणि ती हाताच्या अंतरावर असताना मला जेवढं एकटं वाटलं तेवढं ती नसतानाही वाटलं नव्हतं. ती आली होती, पण माझ्यासाठी आली होती की कानबाईसाठी, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं.

आमच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा ऊन कलत होतं. आई पुढे बसलेली बघून ओट्यावरची माणसं उभी राहिली. आबा काठी न घेताच पुढे आले. लीलाकाकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात तयार होत्या. भाऊ उतरले, आई उतरली, पुढची दारं लागली आणि सगळे घराकडे चालायला लागले. मी मागेच राहिले. सीटवरून पाय टाकून मी सहज बाहेर आले असते, इतके दिवस तेच तर करत होते. हाक मारली असती तरी दहा माणसं धावली असती. मी हाक मारली नाही. मला बघायचं होतं. खिडकीतून सगळं दिसत होतं: आबा भाऊंना काहीतरी सांगत होते, भाऊ मान डोलवत ओट्याची पायरी चढत होते, कुणीतरी हसलं. आई उंबऱ्यापाशी पोचली आणि थांबली. लीलाकाकूंनी भाकरतुकडा ओवाळायला हात वर केला तर आईनं त्यांचा हात धरला. तिनं वळून गाडीकडे पाहिलं. मी तिला दिसले असणार, कारण आमची नजर मिळाली. पण ती आली नाही, की बोललीही नाही. ती भाऊंकडे बघत उभी राहिली.

भाऊ आबांशी बोलत दारापर्यंत गेले. ती का थांबली हे त्यांना कळेना. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग अंगणात जमलेल्या माणसांकडे, एकेकाकडे, काहीतरी हरवल्यासारखं. आणि मग ते एकदम वळले. पायऱ्या उतरताना त्यांची वहाण निसटली, ती तिथंच टाकून ते एका अनवाणी पायानं तसेच गाडीपाशी आले. भिजवून बांधलेलं सोपट दिवसभराच्या उन्हानं आवळून लाकूड झालं होतं, गाठ सुटेना. विळा आणायला सुद्धा ते गेले नाहीत. खाली वाकून त्यांनी ती दातांनी तोडली, दार ओढून उघडलं, आणि मला, एवढ्या मोठ्या घोडीला, उचलून बाहेर काढलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तेव्हा लीलाकाकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि आई उंबरा ओलांडून आत जात होती.

रात्री तिनं मला तिच्या पांघरुणात घेतलं. तुला का नेलं नाही ते सांगू का, म्हणाली. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी कानबाई बसली आणि रोट झाले, आणि मी एवढे खाल्ले की लीलाकाकू ओट्यावरून ओरडल्या.

भाऊंनी दारं पुन्हा बसवली, या वेळी गाडी चाकांवर ठेवून. पण ती काही एका बोटानं लागण्यासारखी झाली नाहीत. थोडी उचलावी लागायचीच. ती फैजपूरच्या मिस्त्रीला दाखवा म्हणून आबा जन्मभर सांगत राहिले. आई त्यानंतर नेहमी पुढेच बसली, आबांनी मागे बसायचं कबूल केलं, आणि काही वर्षांनी आबा गेले, मी सासरी गेले. मागे बसायला कुणी उरलं नाही. मग आईही गेली. त्यानंतर मी माहेरी गेले की ओट्यावर बसून भाऊंची वाट बघायची. काळी गाडी अंगणात यायची, गाडीत ते एकटेच असायचे. उतरायचे, सावकाश वळसा घालून मागे जायचे, मूठ धरून डावीकडचं दार उचलून उघडायचे, आत वाकून बघायचे, लावून घ्यायचे, आणि मगच घराकडे यायचे.